मिस्त्रींची दोरी

मिस्त्रींच्या मुलीकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला बाल्कनीतली दोरी दाखवली जाई. कपडे वाळत घालायची दोरी वेगळी, ती वर होती. ही छोटी, बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर दोन खिळ्यांना ताणून बांधलेली. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये जे जे सापडायला नको ते सापडलं की हिच्यावर चिमट्याने लटकत असे. जावयाचं पेन, मुलीचा केसांचा चाप, आणि एकदा तर जावयाचं ऑफिसचं ओळखपत्र, ज्यावरचा जावई धुऊन धुऊन पांढराफटक झाला होता. वस्तू लटकवायची मिस्त्रींनी, पण काढायची ज्याची त्याने. तीही गुपचूप काढून चालत नसे. घरातल्या सगळ्यांसमोर उभं राहायचं, "हे माझं" असं स्पष्ट म्हणायचं आणि मग चिमट्याला हात लावायचा. कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं तर मिस्त्री कानामागे हात धरून म्हणत, "ऐकू आलं नाही."

ही खोड त्यांनी इस्पितळातून आणली होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ते मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री होते, आणि तिथे पडलेलं हे नाव घरीही चिकटलं. बायकोसुद्धा त्यांना मिस्त्रीच म्हणायची. तिथली मशीनं म्हणजे आत माणूस उभा राहील एवढी पिंपं. वॉर्डांतून चादरींचे गुंडाळे यायचे आणि त्या गुंडाळ्यांत काय नसायचं? कात्र्या, चमचे, चष्मे, थर्मामीटर. बिघाड झाला की साहेब मिस्त्रींच्या मानगुटीवर बसायचा. म्हणून त्यांनी भिंतीवर रंगाने लिहिलं, "उघडा, झटका, मग टाका", आणि दाराशी एक तार बांधली. सापडलेली वस्तू तारेवर. ज्याची असेल त्याने यावं, "हे माझं" म्हणावं आणि न्यावं. हा नियम मोठ्या नर्सबाईंनाही होता आणि झाडूवाल्यालाही. न्याय म्हणून त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त मिस्त्रींना न्यायापेक्षा मजाच जरा जास्त येत असे.

एकदा तारेवर दातांची कवळी लागली. ती निघाली वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या मदतनीस बाईची. बिचारी तोंडावर हात धरून आली, आणि तोंडावर हात धरूनच काहीतरी म्हणाली. मिस्त्रींनी कानामागे हात नेला. "ऐकू आलं नाही." सगळा धुलाईखाना पोट धरधरून हसला. बाईंनी तोंडावरचा हात काढला आणि बोळक्या तोंडाने पुन्हा म्हटलं, तेव्हा सगळ्यांत मोठं हसू मिस्त्रींचं होतं.

बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले. मुलीच्या घरी राहणं त्यांना आत कुठेतरी खुपत असे, म्हणून आल्या आल्या त्यांनी वरून झाकण उघडणाऱ्या त्या मशीनचा ताबा घेतला. आपण फुकटचं खात नाही, घरातलं एक खातं सांभाळतो, एवढंच त्यांना स्वतःला पटवून द्यायचं होतं. जावई भला माणूस. तो चेष्टा करायचा पण दोरीचा मान ठेवायचा. आणि कपडे मशीनमध्ये टाकायला, भांडी घासायला एक मावशी येत. बोलायला फटकळ, कामाला चोख. प्रत्येक खिसा उलटा करून बघत. दोरीवर आजवर दोघांचीच वस्तू कधी लागली नव्हती, मावशींची आणि मिस्त्रींची. मावशी हे अधूनमधून ऐकवत, मिस्त्री रोज.

मग त्यांच्या शरीराने दगा दिला. खोकला आला, खुर्चीतून पटकन उठलं, जिना चढला, की कपड्यात ओल. आधी त्यांनी कानाडोळा केला. मग एका दुपारी सोफ्यावरून उठताना खाली डाग दिसला. त्यांनी त्यावर पाणी सांडलं आणि घरभर "पेला निसटला" म्हणून सांगत सुटले. त्यानंतर मात्र ते औषधांच्या दुकानात गेले. कोपऱ्यावरच्या नव्हे, बसस्टॉपच्या पलीकडच्या, जिथे कुणी ओळखत नव्हतं. दुकानदाराने "कुणासाठी?" असं विचारलंही नव्हतं, तरी यांनी सांगितलं, "शेजारी एक म्हातारे आहेत." घरी येऊन मोठ्या माणसांच्या डायपरचं ते पुडकं त्यांनी कपाटात स्वेटरांमागे कोंबलं. वापरलेलं डायपर वर्तमानपत्रात बांधायचं, पिशवीत घालायचं आणि फिरायला जाताना लांबच्या कचराकुंडीत टाकून यायचं, असा नेम ठरला. डॉक्टरांकडे जावं असं त्यांच्या मनात यायचं, पण डॉक्टरांकडे मुलगीच नेणार, आणि मग तिला सांगावं लागणार. त्यापेक्षा कचराकुंडीची पायपीट परवडली.

घोळ झाला तो सुट्टीच्या दिवशी. बाथरूम एक आणि घरात माणसं तीन. मिस्त्री आत कपडे बदलत असताना मुलीने दार ठोठावलं. "बाबा, आटपा ना, मला केस धुवायचेत." त्यांची धांदल उडाली. वर्तमानपत्र खोलीतच राहिलं होतं. त्यांनी ओलं डायपर उतरवलेल्या पायजम्यात गुंडाळलं, गुंडाळा काखेत मारला आणि बाहेर आले.

"द्या इकडे, मी टाकते मशीनमध्ये," मुलगी हात पुढे करून म्हणाली.

"मी टाकतो, मी टाकतो!" ते एवढ्या जोरात म्हणाले की ती चपापली. मशीन बाथरूमच्या दाराशीच होतं. त्यांनी झाकण उघडलं आणि गुंडाळा आत सोडला. ती आत गेली की काढून घेऊ, असा त्यांचा बेत. पण तेवढ्यात जावयाने चहाला हाक मारली, कप हातात दिला आणि गप्पा सुरू केल्या. मिस्त्रींचं अर्धं लक्ष मशीनकडे. तोवर मावशी आल्या. त्यांनी कपड्यांची टोपली उचलली, एकेक खिसा उलटा करून पाहिला आणि सगळे कपडे वरून टाकले. तळाशी आधीच काय पडलंय हे बघायची त्यांना काय गरज? तिथे तर मिस्त्रींचं राज्य.

पाणी सुरू झाल्याचा आवाज आला. मिस्त्री उठले आणि मशीनपाशी गेले. मुलगी केस पुसत तिथेच उभी होती. "थांबवा" एवढा एक शब्द पुरला असता. तो त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि परत गेला. कदाचित अख्खंच बाहेर येईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. जन्म धुलाईखान्यात गेलेल्या माणसाला काय होणार ते पक्कं ठाऊक होतं.

व्हायचं तेच झालं. मशीन मध्येच घुर्रर्र करायला लागलं. पाणी उतरेना, पिळायचं काम सुरू होईना. मुलीने झाकण उघडलं आणि किंचाळलीच. तिच्या काळ्या पँटला, जावयाच्या शर्टांना, टॉवेलांना, सगळ्याला बुळबुळीत पारदर्शक कण आणि पांढरा लगदा चिकटला होता.

"बाबा, हे काय आहे?"

घरातले तज्ज्ञ तेच. त्यांनी बोटावर थोडे कण घेतले, उगाच चोळून पाहिले. खोटं नाव सुचेना. "डायपरमधलं आहे. पाणी पिऊन फुगतं ते."

"डायपर? आपल्या घरात डायपर कुठून येणार?"

इथे मिस्त्री बोलले. न विचारता, वर भर घालून बोलले. "लहान मुलाचं असणार."

मावशींच्या घरी लहान नातू आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मागे एकदा त्यांनी विचारून त्याचं पांघरूण या मशीनमध्ये धुतलंही होतं. मुलीची नजर सरळ मावशींकडे गेली.

"मावशी, मी रागावत नाहीये. पण नातवाचे कपडे आणले होते का? चुकून आलं असेल त्यात."

"नातू माझा आता पळतो. त्याला कशाला डायपर?" मावशी म्हणाल्या. "आणि आणले असते तर मागच्यासारखं विचारून आणले असते."

"मग आलं कुठून? आम्ही तिघंच राहतो इथे."

"ते मला काय विचारता? काका, तुम्ही सांगा. खिसा बघितल्याशिवाय मी एक रुमाल तरी कधी टाकलाय का?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही. ते मशीनमध्ये डोकं घालून म्हणाले, "आधी पाणी उपसायला हवं."

मावशी क्षणभर त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुसले. "लावा काय लावायचं ते दोरीवर. जे माझं नाही त्याला मी माझं म्हणणार नाही. दुसरी बाई बघा." दार आपटलं नाही त्यांनी, हळू लोटून घेतलं. मिस्त्रींना दार आपटलेलं बरं वाटलं असतं.

जावई म्हणाला, "कंपनीचा माणूस बोलावू या."

"मी जिवंत असताना?" मिस्त्री गरजले. मुलीला वडिलांचा अभिमान वाटला. तिने नवऱ्याकडे बघून हसून घेतलं. कंपनीचा माणूस मशीनच्या तळाची फिरती चकती उघडेल आणि आत काय आहे ते हातात धरून सगळ्यांना दाखवेल, या धास्तीने आपले बाबा गरजले, हे तिला कसं कळावं? रात्री जेवताना ती म्हणाली, "मावशींचं मला खरंच वाईट वाटतंय. पण खोटं नको होतं बोलायला त्यांनी." मिस्त्रींनी हातातला घास ताटात परत ठेवला. ते पाणी प्यायले आणि लवकर उठले.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी काढली. आधी मशीनचा प्लग काढला. तांब्याने पाणी उपसलं, कपडे हाताने पिळून बादलीत टाकले. निचऱ्याचा पाइप सोडवून त्यात फुंकर मारून पाहिली, पाइप मोकळा होता. म्हणजे बिघाड आत. तळाच्या चकतीच्या मध्यावरचं टोपण उचकटलं, तर खालचा स्क्रू गंजून घट्ट बसलेला. त्यावर तेलाचे थेंब सोडून ते स्टुलावर वाट बघत बसले. एरवी अशा वेळी ते शीळ घालत. आज घर अगदी शांत होतं आणि आंबट तोंडाने ते नुसते बसून राहिले. स्क्रू फिरला, पण चकती हलेना. मग त्यांनी बादलीतल्या पायजम्याची नाडी ओढून काढली, चकतीच्या दोन बाजूंनी खाली सरकवली आणि दोन्ही टोकं धरून वर जोर लावला. चकती फटकन निघाली. त्याच जोरात खाली ओल जाणवली. "घे," ते स्वतःलाच म्हणाले, "हेही घे."

चकतीखाली कणांचा चिखल होता, एक बटण होतं, आणि त्या चिखलात रुतलेला तो मोठा तुकडा. कमरेचा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंच्या चिकटपट्ट्या अजून शाबूत. लहान मुलाचं म्हणून आंधळ्यालाही पटवता आलं नसतं. मिस्त्रींनी तो आधी बाजूला ठेवला आणि काम पुरं केलं. मशीन भिंतीला टेकवून तिरकं केलं, खाली पाट सारला, पंप खोलला. पंपाच्या पंख्याला डायपरमधलं इलॅस्टिक करकचून गुंडाळलं गेलं होतं. ते पकडीने ओढून काढलं. सगळं जोडल्यावर पाण्यात मिठाची पुडी ओतली. मिठाने हे कण पाणी सोडून बसतात, हे त्यांना इस्पितळात कळलं होतं. मशीन सुरू केलं. पाणी भरलं, फिरलं, खळखळ करत उतरलं आणि टब गरगर फिरायला लागला. असा आवाज ऐकला की एरवी त्यांचा जीव भांड्यात पडायचा. आज पडला नाही.

त्यांनी तुकडा वर्तमानपत्रात बांधला, पिशवीत घातला, पायात चपला सरकवल्या. लांबच्या कुंडीत टाकला की विषय संपला. मशीन चालू, मुलगी खूश, आणि मावशींना काय, दहा घरं मिळतील. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या.

"तुमच्या त्या बाईंना काढलंत म्हणे," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. "बरं केलंत. सकाळीच ऐकलं आणि मीही त्यांना आता माझ्याकडे कामाला येऊ नका म्हणून सांगितलं. पोराचं घाणेरडं दुसऱ्याच्या मशीनमध्ये घालायचं म्हणजे काय! वर ‘मी नाही’ म्हणून कांगावा. पण तुम्ही बरोबर ओळखलंत हो. तुमच्या नजरेतून सुटायचं नाही काही."

मिस्त्रींच्या हातातली पिशवी एकदम जड झाली. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं त्यांना वाटलं. पण इमारतीच्या जिन्यात धरणी कुठली? खाली काकूंचा पहिला मजला होता. ते "हो, हो" म्हणाले, आणि हे दोन ‘हो’ बाहेर पडले तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली. चपला न वाजवता ते परत वर आले.

पिशवी पायाशी ठेवून ते खुर्चीत बसले. त्यांना ती कवळीवाली बाई आठवली. तिचं बोळकं तोंड नव्हे, तोंडावरचा हात. तिने हात काढला तेव्हा तिने मिस्त्रींकडेच पाहिलं होतं, आणि त्या नजरेत राग नव्हता. नुसती विनवणी होती, की आता पुरे. ती त्यांना त्या वेळीही दिसली होती. दिसली असूनही ते हसले होते. आयुष्यभर त्यांनी नाकाने कांदे सोलले आणि पहिल्यांदा स्वतःची पाळी आली तर सांगितलं काय, लहान मुलाचं!

मावशींचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. त्यांनी फोन लावला.

"काका? आता काय राहिलंय?" पलीकडून तुटक आवाज आला.

"संध्याकाळी ये. मुलगी यायच्या सुमाराला."

"कशाला?"

"मशीन उघडलं. वस्तू सापडली. दोरीवर लावतोय, तू असायला हवीस."

"मी काल सांगितलं, मी नाही म्हणणार माझं."

"तू म्हणू नकोस," मिस्त्री म्हणाले. "तू फक्त बघ." आणि त्यांनी फोन ठेवला, कारण पुढचं फोनवर बोलायची त्यांची छाती नव्हती.

तुकडा त्यांनी नळाखाली नीट धुतला. दोरीवर लावताना एक चिमटा पुरेना, दोन लावावे लागले. लावल्यावर तो कमरेचा पट्टा एवढा रुंद पसरला की मागचा रस्ता दिसेना. मग त्यांनी आंघोळ केली, स्वच्छ कपडे घातले आणि दोरीखाली खुर्ची टाकून बसले.

मावशी आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. बाल्कनीत पाऊल टाकताच त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे, मग पुन्हा दोरीकडे. त्यांचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. त्यांनी आपल्या सासऱ्यांचं शेवटपर्यंत सगळं केलं होतं, त्यांना हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

"काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काढा ते. त्यांना यायला वेळ आहे अजून. मी कुणाला काही बोलायची नाही."

हे त्यांनी मनापासून म्हटलं, आणि मिस्त्रींचा हात खरोखर उचलला गेला. मोह मोठा होता. शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

"तू बोलली नाहीस तर ते तुझंच राहील," ते म्हणाले. "बस इथे."

मावशी बसल्या नाहीत. दाराला टेकून उभ्या राहिल्या.

जिन्यात आवाज झाले, कुलूप उघडलं. मुलगी आत येता येताच ओरडली, "बाबा, मशीन चालू झालं? अय्या, खरंच! मी म्हटलं नव्हतं?" आणि बाल्कनीत काहीतरी लटकताना दिसलं तशी ती हसत पुढे आली. "आज कुणाची पाळी?"

मागून जावई आला. "बघू, बघू. लहान मुलाचं आहे म्हणजे…" तो बोलता बोलता थांबला. तो उंच होता, पट्टा नेमका त्याच्या तोंडासमोर येत होता.

मुलीने आधी मावशींकडे पाहिलं, कालच्याच नजरेने. मग तिने दोरीकडे नीट पाहिलं. तिचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं, ते काढून टाकायचंही तिला सुचेना. खालून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

मिस्त्री खुर्चीचे हात धरून उठले. सगळ्यांसमोर, नियमाप्रमाणे, दोरीपाशी उभे राहिले. त्यांच्या लक्षात आलं की आपला डावा हात वर येतोय आणि तोंडाकडे जातोय. त्यांनी तो खाली घेतला.

"हे माझं," ते म्हणाले. पण आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले.

मुलगी जागची हलली नाही. मावशींनी मान खाली घातली होती. जावई दुसरीकडे बघत होता. ऐकू आलं नाही, असं कुणीही म्हणालं नाही. ते म्हणणारा त्या घरात एकच माणूस होता, आणि त्याला ते ऐकू आलं नव्हतं.

"हे माझं," मिस्त्रींनी पुन्हा मोठ्याने म्हटलं, आणि पहिल्या चिमट्याला हात घातला.